मेजर की मायनर: तुम्ही कुठला विषय मोठा केलात?

शेवंती: लेकीचा कॉलेजचा फॉर्म भरायला बसलो होतो. मेजर म्हणजे मुख्य विषय रसायनशास्त्र नि मायनर म्हणजे जोडविषय वनस्पतीशास्त्र, की उलटं, यावर अडलंय. तिची सर्टिफिकेटं शोधताना माझी एस.वाय.ची हर्बेरियम फाइल, वाळवून चिकटवलेल्या झाडपानांची, हाती आली. माझीही हीच जोडी होती! आमच्या वेळी मेजर-मायनर म्हणत नसत. एफ.वाय.ला तीन विषय, एस.वाय.ला दोन आणि टी.वाय.ला एकच, सगळे पेपर त्याचेच. मला बॉटनी आवडायची. केमिस्ट्रीला नोकऱ्या आहेत असं घरीदारी सगळे म्हणाले, म्हणून केमिस्ट्री घेतली. पुढे पंचवीस वर्षं क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काढली, मनापासून काढली. तरी आज त्या फाइलीत नेच्याचं पान दिसलं, पाठीमागे बीजाणूंच्या तपकिरी ठिपक्यांच्या रांगा अजून जशाच्या तशा, आणि डोळे भरून आले. तुम्ही कसं ठरवलंत? सांगा ना.

दुपारची_शाळा: अर्थशास्त्र स्पेशल, जोडीला मराठी. मराठी फक्त आवडतं म्हणून घेतलेलं. बीएडला दोन मेथड, म्हणजे शिकवायचे दोन विषय, लागल्या तेव्हा तेच उपयोगी पडलं, आणि आज शाळेत मराठीच शिकवते. तास सुरू होतोय, नंतर येते.

कोरा_कागद: मी आत्ताच एफ.वाय.ला आहे. मायनर म्हणजे नक्की किती अभ्यास? सीनियर म्हणतात नावापुरता असतो.

खिडकीपाशी: नावापुरता नाही रे. यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत. त्यात मेजरचे ६०, मायनरचे २४. चार वर्षांच्या पदवीला हेच १६०, ८० आणि ३२. विद्यापीठागणिक थोडा फरक असतो, तुमचं परिपत्रक बघ. आणि २०२४च्या पदव्युत्तर आराखड्यात मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात एम.ए./एम.एस्सी.ला जाता येईल असं म्हटलंय. मायनर टाकाऊ समजू नकोस.

कोरा_कागद: हे कुणीच सांगितलं नव्हतं. थँक्यू काका.

खिडकीपाशी: ताई 🙂

रानवाट: शेवंती, नेच्याचं पान अख्खं आहे? फोटो टाका ना. माझ्या फाइलीला कसर लागली होती.

सांजवेळ: मानसशास्त्र मेजर, संख्याशास्त्र मायनर. मायनर मैत्रिणीमुळे घेतला, ती पुढे सोडून गेली आणि मी अडकले. पहिलं सेमिस्टर रडून काढलं. मग प्रोजेक्टला दोन गटांचे गुण हातात आले, टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग, हे तपासायची पद्धत) लावली आणि पहिल्यांदा वाटलं की माणसांबद्दल मी जे म्हणते ते पडताळून बघता येतं. ती टी-टेस्ट ज्याने काढली तो गॉसेट मद्यनिर्मितीच्या कारखान्यात नोकरीला होता! ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकलेला. १९०८मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने त्याने तो शोधनिबंध छापला. दोन विषयांच्या मधल्या जागेत किती काय असतं! विषय लांबला, सॉरी.

जुनी_वही: लांबू दे. आपल्याकडे दा. ध. कोसंबी होतेच की. गणिताचे प्राध्यापक, आणि प्राचीन नाण्यांची वजनं करून त्यावर संख्याशास्त्र लावून इतिहास लिहिणारे. त्यांच्यामुळेच मी गणितासोबत इतिहास मागितला होता. टाइमटेबल जुळत नाही म्हणून नाही मिळाला. अजून लागतं ते मनाला.

सांजवेळ: जुनी_वही, आता घ्या ना. खरंच सांगतेय.

जुनी_वही: निवृत्तीला दोन वर्षं आहेत. बघतोय.

पायरीवर: कुणी सांगेल का, मायनर नंतर बदलता येतो का? परवा शेवटची तारीख आहे.

खिडकीपाशी: कॉलेजनुसार वेगळं आहे. ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचारा, पोच घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका, माझ्या भाच्याचं एक सेमिस्टर त्यातच गेलं.

दुपारची_शाळा: आले परत. शेवंतीताई, लेकीला एकच विचारा: प्रॅक्टिकलला कंटाळा न येता तीन तास उभी कुठे राहशील? परीक्षेचं नका विचारू. आमच्या मुलांना मी हेच विचारते आणि उत्तर बहुतेक वेळा लगेच येतं.

शेवंती: विचारलं. "मायक्रोस्कोपपाशी" म्हणाली! तिचे बाबा गप्प आहेत. रात्री बोलू.

रानवाट: शेवंती, एक महत्त्वाचं. जुन्या शीटना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावत. विषारी असतं. पान उघड्या हातांनी हाताळलं असेल तर हात धुवा, लेकीलाही सांगा. तुमच्या पानाला कसर लागली नाही ती त्यामुळेच असेल.

शेवंती: अगं हो! ते द्रावण मीच केलं होतं, अल्कोहोलमध्ये. सगळ्या वर्गाच्या शीटसाठी. बॉटनीच्या मॅडमनी मला एकटीला बोलावून सांगितलं होतं, "तू कर, तुझा हात केमिस्ट्रीचा आहे." पार विसरले होते मी हे. दोघींनी हात धुतले. फाइल प्लास्टिकमध्ये बांधून वरच्या कप्प्यात ठेवलीय, फोटो उद्या उजेडात काढते.