‘आयसिंग कंडिशन्स’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा: विमानांविषयीच्या मजकुरात ‘आयसिंग कंडिशन्स’साठी ‘हिमवृष्टी’ लिहिलेले दिसते. ते बरोबर आहे का? आणि ‘डी-आयसिंग’, ‘अँटी-आयसिंग’ या दोन्हींना ‘बर्फ हटवणे’ म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद १: ‘हिमवृष्टी’ नकोच. उडत्या विमानावर कोरडे हिम फारसे चिकटत नाही. खरा धोका ढगातल्या अतिशीतित थेंबांचा. तापमान शून्याखाली, तरी पाणी द्रवच. पंखाच्या पुढच्या कडेवर आदळले की गोठते. शिवाय ही संज्ञा वापरायला बर्फ दिसावाच लागत नाही. जेट विमानांच्या पुस्तिकांत साधारणपणे तापमान १० अंश सेल्सियस किंवा कमी आणि सोबत ढग, पाऊस, हिम किंवा दाट धुके असले, की ती ‘आयसिंग कंडिशन’. शून्याऐवजी १० अंश का? इंजिनाच्या तोंडाशी हवा जोरात आत खेचली जाताना तिचे तापमान आणखी उतरते, म्हणून. मी ‘बर्फ धरण्याजोगी स्थिती’ लिहीन.

प्रतिसाद २: ‘धरणे’ला अनुमोदन. त्याच्या जोडीने ‘बर्फाच्या वजनाने विमान कोसळले’ हेही थांबायला हवे. वजन ही दुय्यम बाब आहे; बिघडतो तो पंखाचा आकार. जाड पॉलिश पेपरइतका खरबरीत थर बसला तरी उत्थापन (विमानाला वर उचलणारा जोर) ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि ओढ (हवेचा मागे खेचणारा अडथळा) ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. मग विमान एरवीपेक्षा जास्त वेगाला, पंख हवेशी कमी कोनात असतानाच स्टॉल होते, म्हणजे पंखाची उचल एकदम तुटते. कधीकधी स्टॉलचा इशारा वाजण्याआधीच.

बर्फ कुठे धरतो, हेही लिहावे. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ हे प्रवासी विमान कोसळले, ६८ जण गेले. पुढच्या कडेवरच्या रबरी पट्ट्या फुगून बर्फ फोडतात. पण तिथले थेंब मोठे होते, ते पट्ट्यांच्या मागे वाहत जाऊन गोठले. तिथे बर्फाचा कंगोरा तयार झाला, हवेचा प्रवाह पंखापासून सुटला आणि एलेरॉन (विमान कुशीवर वळवणारे, पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) आपोआप वळले.

प्रतिसाद ३: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. डी-आयसिंग म्हणजे धरलेला बर्फ काढणे, अँटी-आयसिंग म्हणजे धरू न देणे. जमिनीवर आधी बर्फ काढायला गरम, पातळ ‘टाइप १’ द्रव फवारतात, बहुधा नारिंगी. मग तो पुन्हा धरू नये म्हणून घट्ट, हिरवा ‘टाइप ४’ द्रव. शेवटची फवारणी सुरू झाली त्या क्षणापासून संरक्षणाचा अवधी मोजायचा, फवारणी संपल्यापासून नव्हे.

पण ‘इंजिन अँटी-आइस’ ही वेगळी यंत्रणा. जेटमध्ये बहुधा इंजिनातलीच गरम हवा वापरते. पंखावरच्या द्रवाचा तिला उपयोग नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाच्या बोईंग ७३७ मध्ये ती बंद राहिली. इंजिनाच्या पुढचा दाबमापक बर्फाने बुजला, जोर दाखवणारा काटा (इंजिनाच्या मागच्या आणि पुढच्या दाबाचे गुणोत्तर) २.०४ दाखवत होता, प्रत्यक्षात ते १.७० च्या आसपास. त्यात पंखांवरही बर्फ होता आणि विमान कोसळले. म्हणून भाषांतरात ‘इंजिनाचे’ की ‘पंखांचे’, हे दर वेळी लिहाच.