मदत हवी आहे : पॅनेल स्पीकर नेमके कुठे ठेवावेत?

बोरीकाठ, अमळनेर
नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून वापरलेल्या पॅनेल स्पीकरची (पेटीऐवजी उभ्या पातळ फळीसारखे असणारे स्पीकर) जोडी आणली. आधीच्या मालकांच्या घरी तानपुऱ्याची जवारी इतकी स्वच्छ ऐकू आली की व्यवहार तिथल्या तिथे ठरवला. माझ्याकडे मात्र डग्गा कोरडा वाजतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विखुरतो. आठवडाभर रोज जागा बदलून पाहिली. रविवारी आमचे गुरुजी ऐकायला येणार आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

गिरणाकाठ
खोलीची मापे, भिंतीपासूनचे अंतर आणि स्पीकरचा प्रकार, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. स्पीकरला स्वतंत्र वीजजोडणी लागते का? लागत असेल तर ते बहुधा इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे चुंबकाऐवजी विद्युतभाराने पडदा हलवणारे, असतील. मग कूलरचा दमट वारा आणि धूळ यांपासून त्यांना जपावे लागेल.

भुसावळकर
दोष जागेचा नसून ॲम्प्लिफायरचा असावा. बरेच पॅनेल ४ ओहमचे असतात, म्हणजे ॲम्प्लिफायरकडून जास्त प्रवाह ओढतात, आणि त्यांची संवेदनशीलताही कमी असते, म्हणजे तेवढ्याच ताकदीत आवाज कमी निघतो. मी ॲम्प्लिफायर बदलला आणि डग्गा परत मिळाला. सोबत सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर, तोही घ्या.

बोरीकाठ, अमळनेर
मला नवीन खरेदी करायची नाही, जागा विचारली आहे. वीजजोडणी लागत नाही, चुंबकाचे आहेत. खोली १२ बाय १२ फूट, दगडी भिंती, शहाबादी फरशी. स्पीकर भिंतीपासून एक फुटावर आहेत, कारण पुढे आणले तर माजघरात जायची वाट अडते.

सातपुड्याचा पायथा
भाऊ, ही एक फुटाची गोष्ट आधी सांगायला हवी होती. या पॅनेलना मागे पेटी नसते. जितका आवाज पुढे येतो जवळजवळ तितकाच मागेही जातो, फक्त उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढे हवा दाबली जाते तेव्हा मागे ती ओढली जाते. भिंत एक फुटावर असली तर मागची लाट दोन फूट जास्त चालून परत येते आणि ५६० हर्ट्झच्या आसपास, शिवाय अगदी खालच्या खर्जात, पुढच्या लाटेला खोडून काढते. चार फूट अंतर ठेवले तर तीच लाट सुमारे ७ मिलिसेकंद उशिरा पोहोचते आणि कानाला ती आवाजातला गहिरेपणा वाटते. बाजूच्या भिंतींची फार काळजी करू नका, कारण पॅनेलच्या कडेच्या दिशेला आवाज सर्वांत कमी जातो. ऐकायचे झाले की स्पीकर मागे सरकवून वाट मोकळी करता येईल. फरशीवर दोन्ही जागांच्या खुणा खडूने करून ठेवा.

भुसावळकरांच्या सबवूफरशी मी सहमत नाही. चौरस खोलीत लांबी आणि रुंदी दोन्ही ४७ हर्ट्झच्याच आसपास घुमतात. सबवूफर त्या घुमण्यात भरच घालेल.

भुसावळकर
नीट जुळवलेला सबवूफर असे करत नाही. माझीही खोली चौरसच आहे.

धुळेकर नाना
आमच्याकडे पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेली चार इंची गादी पॅनेलमागे भिंतीला उभी केली आहे. आवाज फार निवळला.

सातपुड्याचा पायथा
नाना, गादी मधले आणि वरचे स्वर शोषते, खर्जाला ती पुरत नाही. मागची लाट पूर्ण मारली तर पॅनेलचे पॅनेलपण जाते. अंतर आधी, गादी नंतर.

गिरणाकाठ
आवाज विखुरतो आणि डग्गाही जातो, ही दोन लक्षणे एकत्र असली की मला वायरींची शंका येते. दोन्ही स्पीकरचे प्लस-मायनस तपासले का?

बोरीकाठ, अमळनेर
तपासले नव्हते. दोन्ही तारा काळ्याच आहेत, खूण फक्त एका तारेवरची बारीक रेघ. डाव्या स्पीकरची जोडणी उलटी निघाली. ती सुधारताच गायक मधोमध आला. नंतर स्पीकर चार फुटांवर आणले, तेव्हा डग्ग्याचा घुमारा बऱ्यापैकी परतला. गिरणाकाठ आणि सातपुडा, दोघांचेही मनापासून आभार. आता ट्वीटरची (वरच्या, बारीक स्वरांची) पट्टी आतल्या बाजूला ठेवावी की बाहेरच्या?

सातपुड्याचा पायथा
डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून दोन्ही ऐका. पट्टी बाहेर असली की मंच, म्हणजे समोर गायक-वादक बसल्याचा भास, सहसा रुंद वाटतो, आत असली की मधला आवाज घट्ट होतो. तुमची खोली लहान आहे, म्हणून मी आधी आत ठेवून पाहीन. अदलाबदल केल्यावर बसायच्या जागेपासून दोन्ही पॅनेलच्या आतल्या कडेपर्यंत सुतळी ताणून अंतर जुळवा. अर्ध्या इंचाचा फरकही गायकाला एका बाजूला ओढतो.