समुद्राकाठी फर्स्ट कॉपी घड्याळांची निगा, आणि ती जमवणाऱ्याबद्दल तुमचं मत

खाडीकाठ (मालवण)

नमस्कार मंडळी. संग्रहात रोलेक्सच्या पाच फर्स्ट कॉपी (हुबेहूब नकला) आहेत, सगळ्या आखातातून आलेल्या: दोन सबमरीनर, एक डेटोना, एक जीएमटी-मास्टर आणि एक सोनेरी डे-डेट. पावसाळा सरता सरता तक्रारी सुरू झाल्यात. काळ्या सबमरीनरच्या काचेला उन्हातून एसीत गेलं की आतून वाफ धरते. डेटोनाचं वरचं बटण दाबलं की अख्खं घड्याळ बंद पडतं. डे-डेटच्या चेनचा मुलामा कडांनी उतरलाय आणि मनगटाला खाज सुटते.

इथले घड्याळजी कॉपी म्हटलं की उघडायलाच तयार होत नाहीत. घरच्या घरी काय करता येईल? त्यातली दोन विकली तर चालेल का? आणि मनात आहे म्हणून विचारतो, कॉपी जमवणाऱ्या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटतं? स्पष्ट लिहा, राग येणार नाही.

बॅलन्सव्हील (रत्नागिरी)

आधी वाफेचं बघू, कारण तिथे रोज नुकसान होतंय. वाफ पाच-दहा मिनिटांत विरत असेल तर आत नुसती दमट हवा आहे. थेंब धरत असतील किंवा डायलच्या कडेला डाग दिसत असतील तर पाणी शिरलंय. झाकण दोन्ही बाबतींत उघडावं लागणार. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही, बंद केसमधला (घड्याळाच्या धातूच्या खोक्यातला) ओलावा तांदूळ ओढू शकत नाही. हेअर ड्रायर तर नकोच. पाण्याची वाफ होते आणि थंड होताना तीच काट्यांवर नि मशीनवर बसते.

सबमरीनरचं झाकण आट्यांचं असतं आणि खाचा बारीक असतात, त्या मापाचा डाय (झाकण फिरवायचं हत्यार) लागतो. चिमट्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने ढकलत बसलात तर ओरखडे पडतील आणि हात सटकला तर थेट मशीनवर. झाकण निघालं की घड्याळ हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर २४ तास ठेवा. नारिंगी जेल घ्या, ते ओलं झालं की हिरवं पडतं, म्हणजे कधी बदलायचं ते दिसतं.

नंतर रबरं. ती तीन ठिकाणी असतात: झाकणाखाली, चावीच्या (बाजूच्या फिरवायच्या खुंटीच्या) आत आणि काचेभोवती. झाकणाचं रबर घेताना खाचेचा व्यास आणि जुन्या रबराची जाडी व्हर्नियरने मोजा. जाड घेतलंत तर झाकण पुरतं बसत नाही आणि रबर चेपून बाहेर येतं, बारीक घेतलंत तर ते दाबलंच जात नाही. सिलिकॉन ग्रीस रबर चमकेल एवढंच. व्हॅसलीन नको, उन्हात पातळ होऊन आत पसरतं.

कॉपीची खरी दुखरी जागा चावीची नळी. ओरिजिनलमध्ये ती केसमध्ये आट्यांनी आवळलेली असते. स्वस्त कॉपीत नुसती दाबून किंवा चिकटवून बसवतात, आणि रबरं बदलूनही वाफ थांबली नाही तर संशय तिथेच घ्यायचा. चावी आवळताना आधी हलकी दाबून उलटी फिरवा, बारीक टक जाणवला की मग सुलटी. आडवी चढवली की पितळी आटे दोन-चार वेळांतच झिजतात.

हे सगळं झाल्यावर घरच्या घरी एक चाचणी होते. घड्याळ ४० ते ४५ अंशांवर १५-२० मिनिटं गरम होऊ द्या, काचेवर साध्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा, पुसा. आतून धुकं दिसलं तर ओलावा अजून आत आहे. पाण्यात घालायचं असेल तर मात्र प्रेशर टेस्टच हवी. नळकांड्यात खाली पाणी, वर हवेत घड्याळ. ३ बार दाब देऊन काही मिनिटं थांबायचं, मग घड्याळ पाण्यात बुडवून दाब हळूहळू सोडायचा. बुडबुड्यांची माळ निघाली की लगेच वर ओढायचं, नाहीतर दाब उतरताच पाणी आत जातं. तोवर डायलवर छापलेले ३०० मीटर विसरा.

सतरा ज्वेल (चिपळूण)

डेटोनाचा दोष रचनेतच आहे. ओरिजिनलमध्ये चालता सेकंद (सतत फिरणारा छोटा सेकंदकाटा) सहाच्या जागी असतो. कॉपीत बहुधा ७७५० या स्विस मशीनची चिनी नक्कल असते, तिचा मूळचा सेकंद नऊच्या जागी. तो सहाला आणायला जादा चाकं घालतात. बटण दाबलं की ताकद त्या चाकांमध्ये खर्च होते आणि बॅलन्स (चाल राखणारं झुलतं चाक) थांबतो. साफसफाई नि तेल करून बरं वाटेल, पण पुन्हा अडकेल. क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच) वापरूच नका. (अगदी स्वस्तात तर ती छोटी डायल वार आणि २४ तास दाखवतात, क्रोनोग्राफ नसतोच.)

बाकीच्यांत काय मशीन आहे ते आधी ओळखा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये सेकंदकाटा टिपा आणि एका सेकंदातली पावलं मोजा. आठ आली तर तासाला २८,८०० ठोक्यांचं मशीन, सहा आली तर २१,६०० चं, म्हणजे जपानी मियोटा ८२१५ किंवा त्याहून स्वस्त चिनी. टाइमग्राफर (चाल मोजणारं यंत्र) मिळाला तर त्यात लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) नीट भरा, ८२१५ ला ४९, स्विस ईटीए २८२४ आणि तिच्या नकलांना ५०, रोलेक्स ३१३५ च्या नकलांना ५२. तो चुकला की ॲम्प्लिट्यूडचा (बॅलन्स किती अंश झुलतो त्याचा) आकडाच खोटा येतो. पूर्ण किल्ली दिल्यावर, डायलची बाजू वर ठेवून, ॲम्प्लिट्यूड २७० च्या पुढे असेल तर उत्तम. २२० च्या खाली असेल तर तेल सुकलंय किंवा कारखान्यातच नको तिथे भरलंय. नव्याकोऱ्या कॉपीतही हे सर्रास सापडतं.

घड्याळजींवर रागावू नका. नकलेचे भाग ओरिजिनलशी जुळतीलच असं नाही, सुटे मिळत नाहीत, आणि मोडलं तर दोष त्यांच्या माथी येतो. "मशीन मियोटाचं आहे, फक्त तेल-सफाई करा" असं सांगून बघा, पुष्कळ जण तयार होतात.

माणसाबद्दल विचारलंत म्हणून: झाकण उघडून आत बघणारा, कोणती नक्कल कशात कमी पडते ते समजून घेणारा माणूस मला दिखाऊ वाटत नाही. तो शिकतोय.

दर्यावर्दी (हर्णै)

धातूबद्दल. विकणारे "९०४एल स्टील" असं ठोकून सांगतात. डोळ्यांना ते कळत नाही, चुंबकानेही नाही, कारण ३१६एल नि ९०४एल दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. फरक मॉलिब्डेनमचा, ३१६एलमध्ये २ ते ३ टक्के, ९०४एलमध्ये ४ ते ५. खाऱ्या हवेत तो फरक झाकणाच्या आट्यांत आणि चेनच्या सांध्यांत दिसतो. तिथे मीठ-घाम साचतो, हवा पोचत नाही, स्टीलवरचा संरक्षक थर परत धरत नाही आणि बारीक खड्डे पडतात. म्हणून चेन काढून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, गोड्या पाण्याने धुणं, कोरड्या फडक्याने पुसणं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने आठवड्यातून एकदा.

खाज निकेलची. सोनेरी थराखाली निकेल असतं, थर झिजला की ते घामाशी भिडतं. परत मुलामा देऊन टिकणार नाही. ते घड्याळ घालणं बंद करा. तसंही डे-डेट १९५६ पासून फक्त सोन्यात नि प्लॅटिनममध्येच निघालंय, त्यामुळे हातात घेणाऱ्याला वजनावरूनच कळतं.

जीएमटीचं एक तपासा. ओरिजिनल जीएमटी-मास्टर II मध्ये तासकाटा एकेक तास उडी मारतो, मिनिटकाटा न हलता. जहाजावर घड्याळ तासाने पुढेमागे करताना त्याचाच उपयोग. स्वस्त कॉपीत तासकाटा सुटा हलत नाही, २४ तासांचा काटा हलतो. म्हणजे प्रवासात सगळ्यांत उपयोगी पडणारी सोयच त्यात नाही.

देवगडकर

विकू नका. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम १०४ मध्ये खोटं चिन्ह असलेला माल विकणं, विक्रीला मांडणं आणि विक्रीसाठी जवळ बाळगणं, तिन्ही गुन्हे आहेत. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख. "कॉपी म्हणूनच विकतोय" याने सुटका होत नाही. माल खोटा असल्याची शंका यायला कारण नव्हतं, हा बचाव कायद्यात आहे, पण जाहिरातीत स्वतःच कॉपी लिहिलंत की तोही गेला.

सतरा ज्वेल, तुमचं शिकण्याचं म्हणणं अर्धंच पटतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरला की आपण सगळे चिडतो. तो आंबा कडू असतो म्हणून नव्हे, पेटीवरच्या नावासाठी इथल्या बागायतदाराने घाम गाळलाय म्हणून. डायलवरच्या नावाला वेगळा न्याय कसा लावायचा?

खाडीकाठ, वरचे प्रतिसाद एकत्र वाचा. डायलची छपाई सुबक, बेझल (काचेभोवतीचं कडं) सिरॅमिकचं, आतल्या कडेची अक्षरं कोरीव. रबर, नळी आणि तेल मात्र कच्चं. बनवणाऱ्याने सगळा खर्च समोरच्याच्या नजरेवर केलाय, घालणाऱ्याच्या वाट्याला काही ठेवलेलं नाही. घालणाराही तसाच वागायला लागला की मला खटकतं. गणपतीत, लग्नात कोणी "ओरिजिनल काय?" विचारतं आणि हा नुसता हसतो. तोंडाने खोटं बोलला नाही, पण समोरच्याला खोटं धरू दिलं. "नाही हो, कॉपी आहे" एवढं सहज म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. आखातातून येताना भाच्या-पुतण्यांसाठी कॉपी आणणाऱ्याची माया खरी असते, पण देतानाच सांगावं. नाहीतर पोरगं कधीतरी अडचणीत ते गहाण टाकायला जातं आणि चारचौघांत मान खाली घालून येतं.

खाडीकाठ (मालवण)

सगळ्यांचे आभार. विकण्याचा विषय बंद. डे-डेट बाजूला ठेवतो. बाकीची ठेवायची तर नीट कशी ठेवू? आणि पुढे याच आकाराचं काही घ्यावंसं वाटलं तर?

सतरा ज्वेल (चिपळूण)

देवगडकरांचा नावाचा मुद्दा मान्य. पुढचं घड्याळ बिननावाचं जुळवा. सेइको एनएच३५ मशीन घ्या: २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), २१,६०० ठोके, ४१ तास चाल, सुटे भाग सहज मिळतात. डायल २८.५ मि.मी., काट्यांची भोकं १.५, ०.९ आणि ०.२ मि.मी. डायलच्या मागच्या पायांची जागा चावी तीनवर आहे की चारजवळ यावर ठरते, ती बघूनच डायल मागवा. चावीचा दांडा थोडाथोडा कापत बसवून बघा, एकदा आखूड झाला की नवा आणावा लागतो. एचएमटीकडे वळणार असाल तर जपून. कंपनीचा घड्याळ विभाग २०१६ मध्ये बंद करायचं ठरलं, त्यामुळे ऑनलाइन मिळणारी भडक रंगांची "नवीकोरी" जनता नि पायलट ही मॉडेलं बहुधा जुन्या मशीनवर नवी डायल रंगवून केलेली असतात. अक्षरांची छपाई जाड आणि पसरट दिसली की सोडून द्या.

देवगडकर

प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी ठेवा: कॉपी आहे, मशीन अमुक, किंमत अमुक, विकू नये. तुमच्या माघारी घरच्यांनी ते लाखांचं समजून वाटणीत धरायला नको.

मालवणी नाखवा

देवगडकरांचां म्हणणां पटलां. एकच गोष्ट ऱ्हवली, ती म्हंजे चेनीच्यो पिना.

चेन केसला धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना खाऱ्या हवेत सगळ्यांत आधी गंजतात, आणि घड्याळ पाण्यात पडतं ते त्यामुळेच. ४० मि.मी. च्या सबमरीनरला २० मि.मी. रुंदीच्या लागतात, ४१ च्या नव्या मॉडेलला २१. कॉपीचा भरवसा नाही, मोजूनच घ्या. जाडी १.८ मि.मी. बसत असेल तर १.५ घेऊ नका. दर मे महिन्यात दोन्ही बाजूंच्या बदला. जुनी पिन दाबून सोडली आणि टोक जोरात बाहेर आलं नाही तर ती गेली समजा.