मध्यम शहरांना जोडणारी हायस्पीड रेल्वे: वेग किती ठेवायचा आणि स्टेशन कुठे?

नकाशेवाला

चार शहरं साधारण एका रेषेत आहेत असं धरा: अ, ब, क आणि ड. पहिली तीन मध्यम, ड महानगर. लगतच्या दोन शहरांत ८० किमी, एकूण २४० किमी. जुना मार्ग दुहेरी आणि विजेवरचा आहे, पण वळणं फार. शिवाय मालगाड्या, पॅसेंजर, एक्स्प्रेस सगळं त्याच रुळांवर.

नव्या मार्गाबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक, ताशी ३०० किमीचा सरळसोट मार्ग आणि ब, क ची स्टेशनं शहराबाहेर आठ-दहा किमीवर मोकळ्या जागेत. दुसरं, वेग २००-२५० ठेवा आणि गाडी जुन्या स्टेशनातच न्या. पहिल्या पक्षाचं म्हणणं, बाहेरच्या स्टेशनाभोवती नवं शहर आपोआप उभं राहील. यात तथ्य किती? आणि ब-क सारख्या शहरांच्या पदरात नक्की काय पडतं, की सगळं ड ओढून नेतं? आकडे देऊन सांगा.

गिट्टी

आधी वेगाचा हिशेब करू, निम्मा वाद तिथेच मिटतो.

३०० च्या गाडीला पूर्ण वेग गाठायला सरासरी ०.३ मीटर प्रति सेकंद वर्ग प्रवेग धरला तर सुमारे साडेचार मिनिटं आणि साडेअकरा किमी लागतात. आरामात थांबायला ०.५ ने पावणेतीन मिनिटं आणि सात किमी. म्हणजे ८० किमीच्या टप्प्यात साडेअठरा किमी वेग घेण्या-सोडण्यातच जातात. हे धरून एका टप्प्याच्या शुद्ध धावेचा वेळ असा येतो:

ताशी २००: सुमारे २६ मिनिटं
ताशी २५०: सुमारे २२ मिनिटं
ताशी ३००: सुमारे २० मिनिटं

२५० वरून ३०० वर गेलात तर प्रत्येक टप्प्यात जेमतेम अडीच मिनिटं वाचतात. त्या बदल्यात काय मोजावं लागतं ते बघा. १४३५ मिमी गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) वळणात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा १६० मिमी उंच ठेवला आणि आणखी १०० मिमी उंची कमी पडली तरी चालवून घेतली, तर वळणाची किमान त्रिज्या ११.८ गुणिले वेगाचा वर्ग भागिले २६० अशी निघते. २०० ला सुमारे १,८०० मीटर, २५० ला २,८५०, ३०० ला ४,१००. प्रत्यक्ष आराखड्यात याहून बरीच मोठी त्रिज्या घेतात, कारण मार्ग पुढची शंभर वर्षं राहणार असतो. त्रिज्या वाढली की टेकडी टाळता येत नाही, वस्ती टाळता येत नाही. बोगदे आणि पूल वाढतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २०० च्या तुलनेत ३०० ला सव्वादोन पट.

३०० किमीच्या मार्गावर थांबा दिला की दोन मिनिटांच्या थांब्यासह एकूण पावणेसहा मिनिटं जातात. म्हणूनच असे मार्ग बांधणाऱ्यांना मधली स्टेशनं नकोशी वाटतात. लांबच्या दोन महानगरांसाठी ३०० योग्यच. तुमच्या ८०-८० किमीच्या टप्प्यांना तो वेग म्हणजे लग्नाच्या वरातीत शर्यतीचा घोडा.

तिसरा प्लॅटफॉर्म

गिट्टी यांचे आकडे बरोबर, पण स्टेशनाची जागा हा याहून मोठा मुद्दा आहे आणि त्याची उदाहरणं जगभर पडली आहेत.

फ्रान्समधला पॅरिसहून उत्तरेकडे जाणारा मार्ग १९९३ साली सुरू झाला. आमियां शहराला हवा होता तो मार्ग आपल्या बाजूने. मिळालं काय, तर आमियां आणि सें-कांतां यांच्या मधोमध शेतात ओत-पिकार्दी स्टेशन. दोन्ही शहरांपासून ते दूर, जुन्या प्रादेशिक मार्गाशी थेट जोड नाही. तिथले लोक त्याला बीटच्या शेतातलं स्टेशन म्हणतात. त्याच मार्गावर लीलने, तेव्हाचे महापौर पिएर मोरुआ यांनी लावून धरल्यामुळे, मार्ग शहराच्या मध्यातून नेला. तिथे युरालील हा कार्यालयं-दुकानांचा भाग उभा राहिला, कारण जुनं स्टेशन, मेट्रो आणि नवं स्टेशन चालण्याच्या अंतरावर होतं.

स्पेनमध्ये माद्रिद-बार्सेलोना मार्गावर २००३ साली ग्वादालाहारा-येबेस स्टेशन शहराबाहेर काही किमीवर काढलं. शेजारी वाल्देलूस नावाची ३० हजार वस्तीची नगरी आखली. थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आणि माद्रिदला जाणारी जुनी लोकल शहराच्या मध्यातून आधीपासून होतीच. २००८ मध्ये घरबांधणीचा बाजार बसला आणि नगरी अर्धवट राहिली. ‘आपोआप उभं राहील’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावं.

बाहेरचं स्टेशन चालतच नाही असं मात्र नाही. जपानमध्ये साकुदाइरा १९९७ साली नवं झालं, पण ते जुन्या कोउमी मार्गाला छेद देतं तिथेच, त्यामुळे आसपासच्या गावांतून रेल्वेनेच पोहोचता येतं. त्याभोवती वस्ती वाढली, आणि शेजारचं कोमोरो, जिथे पूर्वी एक्स्प्रेस थांबायच्या, मागे पडलं. तैवानचा मार्ग जानेवारी २००७ चा, ताइनानचं स्टेशन शहराबाहेर. शहराला जोडणारी शालुन शाखा आली २०११ मध्ये. मधली चार वर्षं रेल्वेची जोड नव्हती. बाहेर स्टेशन काढायचंच असेल तर जोडमार्ग पहिल्या दिवशी चालू हवा. एकदा लोकांना गाडीने यायची सवय लागली की स्टेशनासमोर इमारतींऐवजी पार्किंगचं मैदान पसरतं आणि ते हटवणं फार अवघड.

नकाशेवाला

पण शहरात शिरायचं तर दोन्ही बाजूंचे पाच-सहा किमी ताशी १२० ने जावं लागेल. मग वाचवलेली मिनिटं तिथेच गेली ना?

गिट्टी

थांबणाऱ्या गाडीची फारशी जात नाहीत. हा हिशेब बहुतेक सादरीकरणांत चुकीचा असतो, कारण मर्यादेतलं अंतर भागिले वेग एवढंच करतात. थांबणारी गाडी शेवटचे सात किमी तसाही वेग सोडतच येत असते.

दोन्ही बाजूंना सहा-सहा किमी ताशी १२० ची मर्यादा धरा, बाहेर ३०० चा वेग. थांबणाऱ्या गाडीचं नुकसान येताना दीड मिनिट आणि निघताना सव्वा, मिळून तीन मिनिटांच्या आत. न थांबणाऱ्या गाडीचं मात्र पाच मिनिटं. म्हणून उपाय असा: थांबणाऱ्या गाड्या शहरातून, न थांबणाऱ्यांना बाहेरून बगल मार्ग. माद्रिद-बार्सेलोना मार्गावर सारागोसा आणि लेइदा या दोन्ही शहरांना हेच केलं आहे. २५० च्या गाडीला हे नुकसान आणखी कमी, दोन मिनिटांच्या आसपास.

आता बाहेरच्या स्टेशनाचा भाव मोजा. आठ-दहा किमी बसने २० ते २५ मिनिटं, आणि बस चुकेल या भीतीने माणूस दहा मिनिटं आधी निघतो. दोन्ही टोकांना स्टेशन बाहेर असेल तर हे दोनदा. तीन मिनिटं वाचवायला तासभर.

शहरातल्या स्टेशनात खरं घोडं अडतं ते दुसरीकडे. जुन्या स्टेशनाच्या तोंडाशी रुळांची जी गुंतवळ असते, तिथे मालगाडी आडवी जाऊ लागली की हायस्पीड गाडी बाहेरच्या सिग्नलला उभी. आडवे छेद काढून पूल किंवा भुयार द्यावं लागतं. प्लॅटफॉर्मला मुख्य रुळांच्या बाजूला वेगळे रूळ हवेत, लांबी २०० मीटरच्या एका गाडीपुरती नको, दोन जोडून धावतील अशी ४०० मीटर. आज २०० बांधून नंतर वाढवू म्हणतात, आणि नंतर पुढे सांधे (गाडी रूळ बदलते ती जागा) आलेले असतात.

समांतर

गेजचा प्रश्न कुणी काढला नाही. जुना मार्ग वेगळ्या गेजचा असेल तर जुन्या स्टेशनात गाडी ‘नेणं’ एवढं सोपं नाही. जपानने १९९२ ला यामागाता आणि १९९७ ला आकिता शाखेवर १०६७ मिमीचे रूळ १४३५ केले, आणि शिंकान्सेन, म्हणजे तिथली हायस्पीड गाडी, थेट आत नेली. पण तिथे वेग ताशी १३० पर्यंतच, आणि बोगदे-पूल जुने असल्याने डबे अरुंद. त्यामुळे मोठ्या स्टेशनात प्लॅटफॉर्म आणि दार यांच्यात जी फट पडते ती भरायला डब्यातून पायरी बाहेर येते. स्पेनने दुसरी वाट धरली: १६६८ आणि १४३५ मधला बदल चालत्या गाडीच्या चाकांतच करणारे ताल्गो डबे. रुळांत बसवलेल्या बदल-यंत्रावरून गाडी अगदी सावकाश जाते, काही मिनिटं लागतात, पण उतरून गाडी बदलावी लागत नाही.

वेळापत्रकी

वेग ठरवायची पद्धतच उलटी असते. आधी वेळापत्रक काढा, त्याला लागेल तेवढाच वेग बांधा. स्वित्झर्लंडने तेच केलं. बर्न-झुरिक एका तासाच्या आत बसलं की दोन्ही टोकांच्या जोडगाड्या जुळत होत्या, म्हणून डिसेंबर २००४ मध्ये मात्तश्टेटन-रोथ्रिस्ट हा ४५ किमीचा नवा तुकडा ताशी २०० साठी उघडला. वेळ आला ५६ मिनिटं.

तुमच्या मार्गावर तेच लावून बघा. शुद्ध धावेत सात टक्के राखीव वेळ मिळवायचाच, नाहीतर पहिल्या उशिराने दिवसभराचं गणित कोसळतं. २५० ला २२ चे २४ होतात, शहरात शिरण्याचे दोन मिळवून २६. वर चार मिनिटांचा थांबा, म्हणजे बरोबर अर्धा तास. अ हून ८:०० ला निघालेली गाडी ब ला ८:२६, क ला ८:५६, ड ला ९:२६. ब आणि क मध्ये तालुक्यांकडच्या पॅसेंजर आणि बस त्याच चार मिनिटांभोवती गुंफता येतात. शहरात शिरून २०० ठेवलात तर जोडणीला वेळच उरत नाही. ३०० ठेवून बाहेर थांबलात तर २१ मिनिटांत पोहोचाल आणि पुढच्या गाडीसाठी नऊ मिनिटं बाकावर बसाल. म्हणून माझं मत २५० ला, गिट्टी यांना २०० पुरेसं वाटत असेल तरी.

एक गोष्ट ३०० च्या बाजूने सांगायला हवी. ६८ मिनिटांत टोक गाठलं तर २२ मिनिटांत परत फिरवून तीन तासांचा फेरा होतो, दर तासाला गाडी द्यायला तीन रेक (डब्यांचे पूर्ण संच) पुरतात. माझ्या वेळापत्रकात ८६ मिनिटं आणि ३४ मिनिटं विसावा, फेरा चार तासांचा, चार रेक. दोन्हींत देखभालीसाठी एक जास्त. रेक वाचतो हे खरं, पण २२ मिनिटांत सफाई, चालक बदल आणि आलेला उशीर गिळणं कठीण जातं.

रेक रात्री उभे कुठे राहतात तेही बघा. सगळे ड च्या यार्डात असले तर सकाळी अ आणि ब च्या लोकांना पहिली गाडी उशिरा. सगळे अ ला असले तर ड मधला डॉक्टर, प्राध्यापक, लेखापरीक्षक सकाळी नऊला ब ला पोहोचू शकत नाही. दोन-दोन वाटून ठेवा.

ताळेबंद

आता ‘ड ओढून नेतं का’. ओढतं. जपानी लोक याला स्ट्रॉ परिणाम म्हणतात: नळी लावली की मोठं शहर छोट्याचं पाणी शोषतं. कोरियात २००४ ला केटीएक्स ही हायस्पीड रेल्वे सुरू झाल्यावर प्रादेशिक रुग्णालयांचे रुग्ण सोलला जाऊ लागल्याची तक्रार बरीच वर्षं चालली. जे ग्राहक निवडक, महागड्या सेवेसाठी प्रवास करतात ते आधी निघतात. हॉटेलांनाही फटका बसतो, कारण कामासाठी आलेला माणूस रात्री परत जातो.

पण नळीतून उलटंही वाहतं. स्पेनमधला माद्रिद-सेव्हिल मार्ग १९९२ ला सुरू झाला तेव्हा मधल्या सिउदाद रेआल आणि पुएर्तोयानो या गावांना रोज ये-जा करणाऱ्यांसाठी पासवाली वेगळी शटल सेवा मिळाली. सिउदाद रेआल माद्रिदपासून तासाभरावर आलं. तिथल्या विद्यापीठाला माद्रिदमध्ये राहणारे प्राध्यापक मिळू लागले. मार्ग तोच, ३०० चा गाजावाजा तोच, पण या गावांच्या कामाला आली ती शटल आणि तिचा पास.

सगळ्यात नेटका पुरावा जर्मनीतला. कोलोन-फ्रँकफुर्ट मार्गावर (२००२) लिंबुर्ग आणि मोंटाबाउर ही छोटी गावं, एकमेकांपासून २० किमीवर. थांबे मिळाले ते राज्यांच्या आग्रहामुळे, गावं आधीच भरभराटीत होती म्हणून नाही. त्यामुळे रेल्वेचा परिणाम वेगळा काढता येतो. गॅब्रिएल आलफेल्ट आणि आर्ने फेडरसन यांनी मधले थांबे असलेल्या तीन जिल्ह्यांचं उत्पन्न सरासरी सुमारे साडेआठ टक्के वर गेल्याचं दाखवलं. यातला काही भाग शेजारच्या जिल्ह्यांतून सरकून आलेला नाही ना, हे प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं. साकुदाइरा वाढलं आणि कोमोरो आटलं, ही बेरीज-वजाबाकी विसरू नका.

आणि कारखान्यांची आशा हायस्पीड गाडीवर ठेवू नका. तिचा धुरावरचा भार १७ टनांच्या आसपास मर्यादित, मालगाडीला २२.५ लागतो, त्या रुळांवर माल सहसा चालतच नाही. कारखान्याचा फायदा होतो तो जुन्या मार्गावर. तिथल्या एक्स्प्रेस नव्या मार्गावर गेल्या की उरलेल्या गाड्यांचे वेग जवळजवळ येतात, आणि त्याच रुळांत जास्त मालगाड्या व पॅसेंजर बसतात. फक्त जुना मार्ग कोण चालवणार हे आधी लिहून घ्या. १९९७ ला नागानोपर्यंत शिंकान्सेन पोहोचली आणि समांतर जुना मार्ग स्थानिक कंपनीकडे गेला. योकोकावा-कारुइझावा हा घाटाचा तुकडा तर बंदच झाला.

नकाशेवाला

म्हणजे २५०, शहरातून, दर तासाला, आणि पास. ब चं जुनं स्टेशन अरुंद आहे, दोन्ही बाजूंना इमारती. ४०० मीटरचा प्लॅटफॉर्म सरळ बसत नाही.

गिट्टी

थोडा वळणावर चालेल, पण त्रिज्या १,००० मीटरच्या खाली गेली की डब्याच्या मधल्या दारांशी फट दिसू लागते आणि गार्डला पूर्ण गाडी दिसत नाही, कॅमेरे लावावे लागतात. त्याआधी मालधक्क्याची जागा मोजा. जुन्या स्टेशनांत मालधक्का बहुतेक वेळा सरळ रुळावर असतो आणि त्यातला बराच भाग रिकामा पडून असतो. माल बाहेर हलवला तर प्लॅटफॉर्म तिथे सरळ बसतो, आणि आडव्या छेदांचा निम्मा त्रास त्यातच संपतो.