औषध वेगळं, मौज वेगळी

"औषध म्हणून चालतो, मग मौजेसाठी गांजा का नको?" हा युक्तिवाद मला पटत नाही, आणि मी बंदीवाला नाही बरं का. मॉर्फिन हे वेदनाशामकही औषधच आहे की, म्हणून ते कुणी मौजेसाठी मोकळं करत नाही! अपस्माराच्या दोन दुर्मीळ, हट्टी प्रकारांसाठी अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालेलं औषध म्हणजे शुद्ध केलेलं सीबीडी, गांजातला एक घटक. त्याने नशा चढत नाही. नशा आणतं ते टीएचसी, गांजातलाच दुसरा घटक. (कॅन्सरवरच्या केमोनंतरच्या मळमळीवर कृत्रिम टीएचसीही देतात, पण मोजूनमापून.)

मौजेसाठी मोकळीक द्यायची तर कारण वेगळं हवं. लोक ओढणारच आहेत. प्रश्न माल कुणाकडून घेतात हा आहे. चोरून विकलेल्या पुडीवर टीएचसीचं प्रमाण लिहिलेलं नसतं. उरुग्वेने २०१३ चा कायदा केला तो याच हिशेबाने: ग्राहकाची नोंदणी, औषधांच्या दुकानातून विक्री, महिन्याला ४० ग्रॅमची मर्यादा.

वयाबद्दल मात्र मी कडक आहे. कॅनडात २०१८ ला परवानगी मिळाली तेव्हा केंद्राच्या कायद्यात किमान वय १८ होतं, पुढे क्वेबेक प्रांताने आपल्याकडे ते २१ केलं. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते म्हणतात, तेव्हा २१ सुद्धा मला तडजोडच वाटते.