कफाचा रंग आणि स्पेसर

‘सीओपीडीवाल्याला (फुफ्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार असलेल्याला) सर्दी झाली की लगेच अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू करा’ असं काही जण सांगतात, ते पटलं नाही. दम बळावतो तो बऱ्याचदा ऱ्हायनोव्हायरससारख्या साध्या सर्दीच्या विषाणूनं, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. कफ पांढऱ्या टिश्यूवर घेऊन बघा. हिरवट-पिवळा झाला आणि धापही वाढली, तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात. सर्दी उतरल्यावर दुसऱ्या आठवड्यातही जिवाणू (बॅक्टेरिया) डोकं वर काढतात, तेव्हा लक्ष तोवर ठेवायचं.

स्पेसरचं, म्हणजे इनहेलरच्या पंपाला लावायच्या पोकळ प्लास्टिकच्या नळीचं, कुणी फारसं बोलत नाही. धाप लागलेली असताना नुसता पंप ओढला की औषध घशातच बसतं. एका वेळी एकच पफ, मग चार-पाच सावकाश श्वास. साबणाच्या पाण्यात धुतल्यावर स्पेसर तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसलात तर स्थिर विजेमुळे औषध प्लास्टिकलाच चिकटतं.