मदत हवी आहे: लंडनमध्ये वॉटर्लू ते फॅरिंग्डन सार्वजनिक सायकलने, स्टँड भरलेला असला की काय करता?

नमस्कार मंडळी,

लंडनमध्ये स्टेशनवरून ऑफिसला सार्वजनिक सायकलने (एका स्टँडवरून भाड्याने घ्यायची, दुसऱ्या स्टँडवर लावायची) जाणारं इथे कुणी आहे का? सल्ला लवकर हवा आहे. घरात "आता पुरे कर ते सायकल प्रकरण" सुरू झालंय आणि मला मनापासून सोडायचं नाहीये.

आम्ही लंडनच्या पश्चिम टोकाला, फेल्टमला राहतो. सकाळी ट्रेनने वॉटर्लू, तिथून फॅरिंग्डनला ऑफिस. या दोन ठिकाणांना जोडणारी थेट ट्यूब (भुयारी रेल्वे) नाही, आणि बस एकदा अडकली की अडकली. सायकलने पंधरा ते सतरा मिनिटं लागतात. मी महिन्याचा पास काढला तो २० पौंडांना, त्यात साठ मिनिटांच्या आतल्या कितीही फेऱ्या करता येतात. खरं कारण संध्याकाळचं आहे. लेक सात वर्षांची आहे, तिचा शाळेनंतरचा क्लब सहाला बंद होतो. सायकल वेळेवर मिळाली आणि वेळेवर लावता आली तर आधीची ट्रेन मिळते. नाही मिळाली तर सगळी मुलं गेलेली असतात आणि ती एकटी दप्तर पाठीला लावून दाराशी उभी असते.

मिरजेत कॉलेजला मी सायकलनेच जायचे. त्यानंतर वीस वर्षं हँडलला हात लावला नव्हता. इथली सायकल तेवीस किलोंची, तीन गिअरची. पुढे एक छोटं कॅरिअर आणि ताणायचा पट्टा, त्यात पर्स आणि डबा अडकवायचा. पहिले चार दिवस हात थरथरत होते. आता ब्लॅकफ्रायर्स पुलावर आले की छातीत मोकळा श्वास भरतो. ओहोटी असली तर खाली काठाचा काळा चिखल उघडा पडलेला असतो, त्याचा वास वरपर्यंत येतो. दिवसभरात तेवढी पाच मिनिटं फक्त माझी असतात.

आता अडचणी.

सकाळी नऊच्या सुमारास ऑफिसजवळचे स्टँड गच्च भरलेले असतात. मंगळवारी तीन स्टँड फिरले, एकही डॉक (सायकल अडकवायची खाच) रिकामा नव्हता, मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोचले. संध्याकाळी तेच वॉटर्लूला.

दुसरी चूक माझी. गेल्या आठवड्यात ट्रेन पकडायच्या घाईत सायकल डॉकमध्ये ढकलली आणि पळाले. क्लॅपहम जंक्शनला अ‍ॅप उघडलं तर फेरी चालूच, म्हणजे सायकल लावल्याची नोंदच नाही! परत जावं लागलं. सायकल जागेवरच होती, नुसती टेकलेली, कुणीही नेली असती. अशा वेळी नेमकं काय करायचं?

आणि तिसरी गोष्ट, जी मी नवऱ्याला अर्धीच सांगितली आहे. स्टॅमफर्ड स्ट्रीटच्या टोकाला सिग्नलला मी फुटपाथलगत उभी होते. उजवीकडे लॉरी. सिग्नल सुटला आणि लॉरी डावीकडे वळली. तिचं मागचं चाक माझ्या हँडलपासून वीतभर अंतरावरून गेलं. मी सायकलसकट फुटपाथवर चढले आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. तेव्हापासून तो चौक मी उतरून, हातात सायकल धरून ओलांडते.

हे सगळं सांभाळून रोज जाता येतं का?

– नदीकाठची

चक्रधर

ताई, येतं. मी सात वर्षं जातोय, किंग्ज क्रॉसकडून.

स्टँडचं आधी सांगतो. सकाळी सायकलींची भरती एकाच दिशेने असते. वॉटर्लू आणि किंग्ज क्रॉसला ट्रेनमधून उतरलेली माणसं सायकली उचलतात आणि होबर्न, सिटी, फॅरिंग्डन या ऑफिसांच्या भागात आणून लावतात. संध्याकाळी हेच उलट. गाड्या भरभरून सायकली इकडून तिकडे हलवत असतात, पण त्या तासाभरात कितीही हलवल्या तरी पुरत नाहीत. म्हणून प्रवाहाच्या बाहेरचा स्टँड शोधायचा.

तुमच्या बाबतीत तो चढावर सापडेल. फॅरिंग्डन स्ट्रीटच्या खाली फ्लीट नदी आहे. नदी झाकून वर रस्ता झाला, पण खोरं तसंच राहिलं, त्यामुळे तिथून बाजूला निघालं की चढ लागतो. एवढी जड सायकल चढावर न्यायला लोक कंटाळतात. रोझबेरी अव्हेन्यूने एंजेलच्या दिशेला जितकं वर जाल तितकी डॉक मिळायची शक्यता जास्त. तिथे लावायची आणि दहा मिनिटं उताराने चालत खाली यायचं. मी पाऊस असला तरी हेच करतो.

ट्रेन वॉटर्लूला शिरताना अ‍ॅपमध्ये रिकाम्या डॉकची संख्या बघा. स्टँडवर चार दिसत असतील तर मी त्याला भरलेला समजतो, कारण पोचेपर्यंत ते चार गेलेले असतात. आणि स्टँड भरलेला निघाला तर तिथल्या खांबावरच्या यंत्रात तसं नोंदवायचं, पंधरा मिनिटं वाढवून मिळतात आणि जवळ कुठे जागा आहे तेही दिसतं. तुमच्याकडे साठ मिनिटांचा पास आहे, त्यामुळे पैशाची धास्ती नको.

संध्याकाळी वॉटर्लूच्या दाराशी जायचा हट्ट सोडा. स्टॅमफर्ड स्ट्रीटच्या आसपास पहिली जागा दिसेल तिथे लावा आणि चाला. पाच-सात मिनिटांचं चालणं हिशेबात धरता येतं, रिकामा डॉक शोधायला किती लागतील ते कधीच धरता येत नाही.

शुभदा_लंडन

तिसरा मुद्दा वाचून पोटात गोळा आला. ताई, कृपा करून लॉरीच्या डाव्या अंगाला पुन्हा कधीही उभ्या राहू नका. इंडिकेटर लागलेला नसला तरी नाही. ड्रायव्हर उंचावर बसलेला असतो, फुटपाथलगतचं माणूस त्याला काचेतून दिसतच नाही. शिवाय वळताना पुढचं चाक लांबून जातं आणि मागचं कोपरा कापत येतं. तुम्ही पाहिलंत ते तेच.

लंडनमध्ये २०२१ पासून मोठ्या लॉऱ्यांना ड्रायव्हरला बाहेरचं किती दिसतं त्यावर तारे देतात आणि परमिट लागतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो नियम आणखी कडक झाला. २०२२ च्या जानेवारीत हायवे कोडही (इथली रस्त्याच्या नियमांची पुस्तिका) बदलला: वळणाऱ्या वाहनाने सरळ जाणाऱ्या सायकलला आधी जाऊ द्यायचं. पण त्या क्षणी नियम आपल्यापुढे आडवा येऊन उभा राहत नाही. लॉरीच्या मागे थांबा, लेनच्या मधोमध. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. लेनच्या मध्ये राहायची मुभा त्याच कोडमध्ये आहे.

दुसरं, स्टॅमफर्ड स्ट्रीट टाळाच. बेल्व्हेडिअर रोड, मग अपर ग्राउंड, तिथून ब्लॅकफ्रायर्स. दोन मिनिटं जास्त लागतील. पुलावर आणि पुढे लडगेट सर्कसपर्यंत सायकलचा ट्रॅक वाहनांपासून वेगळाच आहे.

आणि बहुतेक कौन्सिल (इथल्या स्थानिक पालिका) मोठ्या माणसांना सायकलचं प्रशिक्षण मोफत देतात. राहता तिथली किंवा काम करता तिथली कौन्सिल, कुठेही विचारा. प्रशिक्षक तुमच्याच रस्त्यावर तुमच्याबरोबर सायकल चालवतो. मी वयाच्या पन्नाशीत घेतलं.

हिरवादिवा

डॉकबद्दल: मागचं चाक किंचित उचलून जोरात पुढे दाबा. खट्ट आवाज येतो, पण आवाजावर जाऊ नका. हिरवा दिवा दिसेपर्यंत हात काढायचा नाही, मग एकदा मागे ओढून बघायचं. लाल दिवा आला तर दुसऱ्या डॉकमध्ये. तरी फेरी चालू दिसली तर आधी सायकल योजनेच्या हेल्पलाइनला फोन करा. सायकलचा नंबर आणि स्टँडचं नाव विचारतात, म्हणून मी रोज लावल्यावर एक फोटो काढते. सायकल हरवली तर ३०० पौंडांपर्यंत भरावे लागू शकतात, त्यामानाने फोटोचे दोन सेकंद काहीच नाहीत.

नदीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

रोझबेरी अव्हेन्यू चक्क लागू पडला. चौदा दिवसांत एकदाच जागा मिळाली नाही. अपर ग्राउंडचा रस्ता तर आधी का नाही सापडला असं झालंय, तिथे बसची गर्दीच नाही.

कौन्सिलचं प्रशिक्षण घेतलं. प्रशिक्षक बाई मला मुद्दाम त्याच चौकात घेऊन गेल्या. पुढे एक सिमेंटची गाडी होती. त्या म्हणाल्या, "थांब मागे, मधोमध." मी थांबले. गाडी वळून गेली, मग आम्ही निघालो. घरी आल्यावर नवऱ्याला त्या दिवसाची उरलेली अर्धी गोष्टही सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग स्वतःच हेल्मेट बघायला लागला. इथे सक्तीचं नाही, पण घेतलं.

काल सहाला आठ मिनिटं कमी असताना क्लबच्या दारात होते. आत अजून पाच मुलं चित्रं काढत बसली होती आणि लेक म्हणाली, "आई, थोडं थांब ना, रंगवायचं राहिलंय."

आता एक विचारायचं आहे. पावसात चष्म्यावर थेंब बसले की पुलावर समोरचं काही दिसत नाही. हेल्मेटखाली टोपी घालून कुणी जातं का? आणि नोव्हेंबरसाठी हातमोजे असे सुचवा की ब्रेक नीट दाबता येईल.